निरवांगीची तीन एकर आणि एक सही

दलाल म्हटलं की माणसं जरा सरकून बसतात. बसू द्या. मी पिंपळीचा नाना. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मी पंचवीस-तीस वर्षं शेतजमिनीचे व्यवहार जमवले, आणि मी जमवलेला एकही व्यवहार कोर्टात गेला नाही. हे छातीवर हात ठेवून सांगतो. शिक्षण चौथी. ठळक छापील अक्षर वाचतो, बारीक असलं की अडखळतो. हेही आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचंय ते शेवटी तिथंच येऊन थांबतं.

दिवाळी अंकाची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "नाना, धंद्यातल्या गमतीजमती लिहा." गमतीच्या एक-दोन लिहितो. पण एक गोष्ट गमतीची नाही, आणि ती लिहिल्याबिगर मी पेन खाली ठेवणार नाही. छापायची असली तर सगळं छापा, नसली तर सगळं परत द्या.

लोकांना वाटतं, घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला चहाला एकत्र बसवलं की झाला व्यवहार. तसं नसतं. मी आधी रान चालून बघायचो, तेही अनवाणी. चपला घालून जमीन कळत नाही. बांध कुणी आत कोरलाय, हद्दीचा दगड कुणी हलवलाय, गाडी न्यायला वाट आहे का, विहिरीत किती जणांच्या पाळ्या आहेत, हे पायानं आणि डोळ्यानं बघायचं. मग सातबारा.

आणि शेवटी घरी जाऊन पाणी मागायचं.

ही माझी स्वतःची रीत. दुसऱ्या कुठल्या दलालाला ती ठाऊक नव्हती. गडी माणूस ओसरीवर बसून काहीही बोलतो, 'विकायची म्हणजे विकायची' म्हणतो. पण घरातली बाई पाणी कसं देते त्यावर व्यवहार टिकणार का मोडणार ते कळतं. तांब्या हातात दिला आणि भांडं परत घ्यायला उभी राहिली, तर घराचं मन तयार आहे. तांब्या भुईवर ठेवून आत गेली, तर मी इसाराची, म्हणजे आगाऊ पैशांची, गोष्टच काढायचो नाही. "जरा थांबू," म्हणून उठायचो. पुष्कळ व्यवहार मी असे सोडून दिले आणि नंतर बरं झालं म्हणालो.

कायद्याचं म्हणाल, तर शेतजमीन कापडासारखी विकता येत नाही. कुणी घ्यावी यालाही कायदा आहे आणि किती तुकडा विकावा यालाही आहे. एकदा पुण्याचा एक बँकेतला साहेब आला. चांगला माणूस. नदीकाठी दोन एकर पाहिजे म्हणाला. मी विचारलं, "साहेब, तुमच्या वडिलांच्या, आजोबांच्या नावावर कुठं रान हाय का? शेतकरी असल्याशिवाय घेता येत न्हाय."

"शेती नाही हो. पण आवड आहे. गॅलरीत वीस कुंड्या आहेत माझ्या."

"मग कुंडीचा सातबारा घेऊन या," मी म्हणालो. तो हसला आणि गेला. पुढं दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं.

दुसरी गोष्ट इंदापूरकडच्या एका गुरुजींची. बौद्ध घर, दोन मुलं नोकरीला. त्यांच्या वाडवडलांची वतनाची जमीन होती. अशी जमीन नव्या शर्तीची असते, म्हणजे सरकारची परवानगी घेतल्याशिवाय विकता येत नाही. घेणारा घाई करत होता. म्हणायचा, आत्ता साध्या कागदावर करू, परवानगीचं मागनं बघू. मी आडवा पडलो. गुरुजींचा थोरला मुलगा माझ्यावर चिडला, "नाना, जमलेलं मोडायला आलात का?" मी म्हणालो, "व्हय, मोडायलाच आलोय." मोडला. पुढं त्याच शिवारात तसाच एक साधा कागद केलेल्या माणसाची जमीन सरकारजमा व्हायची नोटीस निघाली. तेव्हा गुरुजी पेढ्यांचा पुडा घेऊन पिंपळीला आले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "नाना, तुमी वकिलाच्या वरचे निघालात."

त्या एका वाक्यानं माझं नुकसान केलं. त्यानंतर मी वकिलाला विचारणं सोडलं.

आता निरवांगी.

म्हाकू आबा निरवांगीचे. घर मेंढपाळाचं. बापजाद्यांपासून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. आबांनी ते मोडलं. मेंढरं विकून ते रानात उतरले. वाडवडलांची तीन एकर होती, पण पाणी बेभरवशाचं. दोन मुलगे हाताखाली आलेले. आबांच्या मनात होतं की ही तीन एकर द्यायची आणि आमच्या पिंपळीत कालव्याखाली दीड एकर घ्यायची. बारामती जवळ, कारखाना जवळ, पोरं ऊस करतील.

मला म्हणाले, "नाना, माझ्या बापाचे पाय चालून चालून फुटले. माझे बी फुटले. आता माझ्या लेकरांपैकी कुणी मेंढरांमागं चालायचं न्हाय. येवढं करून द्या."

पिंपळीचा देणारा मी तयार केला. निरवांगीचा घेणारा माळेगाव बुद्रुकचा. कारखान्यात नोकरीला, घरची शेती, नाव कदम. दोन्ही व्यवहार एकात एक अडकलेले. हा झाला तर तो होणार. पिंपळीवाल्यानं सांगितलं होतं, संक्रांतीपर्यंत वाट बघेन, मग दुसऱ्याला देईन.

पहिल्यांदा गेलो तेव्हा रान चालून घरी आलो आणि पाणी मागितलं. पाणी आबांच्या मुलीनं आणलं. शालन तिचं नाव. अठरा पुरी झालेली, बारावीला होती, रोज एस.टी.नं कॉलेजला जायची. भांडं माझ्या हातात दिलं आणि उभी राहिली. मागं दाराशी तिची आई, ठकूबाई. तिच्याही तोंडावर काही वाकडं नव्हतं. मी मनात म्हणालो, जमलं.

सातबारा पुढं केला तर अक्षर बारीक. मी चष्मा पुसत बसलो. ते तिच्या ध्यानात आलं असावं.

"द्या काका, मी वाचते."

तिनं घडाघडा वाचला. गट नंबर, क्षेत्र, आकार, इतर हक्कांचा रकाना, सगळं. तलाठीसुद्धा इतकं सरळ वाचत नाही. मी म्हणालो, "आबा, ही पोरगी मला द्या. कागद वाचायला पगारावर ठेवतो."

"तिला मास्तरीण व्हायचंय," आबा म्हणाले. आवाजात कौतुक. "बारावी झाली की डी.एड. करायचं म्हणती."

शालन अजून कागदच बघत होती. "ह्यात दादाची, धाकट्याची नावं हायत. माझं कुठं हाय?"

आम्ही सगळे हसलो. मी म्हणालो, "पोरीचं नाव लग्नपत्रिकेत असतं गं, सातबाऱ्यावर कुठलं?"

तीही हसली. मलाही ते मोठं विनोदी वाटलं होतं.

साल ते चौऱ्याण्णव. दिवाळी होऊन गेलेली. इंदापूरला रजिस्टर कचेरीबाहेर चहा पीत बसलो होतो, तर ओळखीच्या एका स्टॅम्पवाल्यानं सांगितलं, "नाना, नवा कायदा आलाय. वडिलोपार्जित जमिनीत पोरींना पोरांबरोबर वाटा. आता पोरींच्या सह्या घेतल्याबिगर कुणी खरेदी घेणार न्हाय."

"सगळ्या पोरींना?"

"लग्न झालेल्यांना न्हाय. कायदा लागू व्हायच्या आत जिचं लग्न झालंय ती बाजूला. बिनलग्नाची असली तर वाटा."

त्यानं खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून दिलं. बारीक अक्षर. मी वरचं ठळक तेवढं वाचलं आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. त्याला सांगितलं, "निवांत वाचतो."

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगतो. आम्हा लोकांना कायदा येताना दिसायचा. मुंबईत ठरायचं, मग कलेक्टर, मग तहसीलदार, मग एक दिवस तलाठी चावडीत कागद घेऊन यायचा आणि म्हणायचा, आजपासून असं असं. तेव्हा तो कायदा. वीस वर्षं मी हेच बघितलेलं. म्हणून मी एका तलाठ्याला सहज विचारलं, "ते पोरींचं काय आलंय का?" तो म्हणाला, "आमच्याकडं अजून कागद न्हाय आला." झालं. मी धरून चाललो की कायदा अजून वाटेवर आहे. तो गावात पोचायच्या आत शालनचं लग्न उरकलं, तर ती बाजूला. सही नको, वाटा नको, कदमांना शंका नको आणि पिंपळीची जमीन हातची जात नाही.

त्याच आठवड्यात निरवांगीला गेलो. ओसरीवर आबा, दोघं मुलगे. शालन खांबाला टेकून उभी, हातात पुस्तक.

मी सांगितलं, "आबा, पोरीचं लग्न लगेच उरकून टाका. महिन्याभरात. न्हायतर व्यवहार लटकतो."

आबांनी पोरीच्या हातातल्या पुस्तकाकडं बघितलं. मग म्हणाले, "फेब्रुवारीत परीक्षा हाय तिची."

"परीक्षा काय, सासरी राहून बी देता येती."

"तिची सही घेतली तर न्हाय का चालणार? ती काय न्हाय म्हणती व्हय?"

हे आबा बोलले. न शिकलेला माणूस, पण नेमकं बोलला. शालन म्हणाली, "मी देते की सही, काका. आत्ता द्या कागद."

आणि मी काय म्हणालो? "सही म्हंजे वाटा कबूल केला. उद्या जावई येऊन बसला दारात, तर? मी येवढे व्यवहार केले आबा, मला शिकवू नका. कागद लागला म्हंजे गाठ लागली."

ठकूबाईनं पाणी आणलं. मी हात पुढं केला. तिनं तांब्या माझ्या हातात दिला नाही. भुईवर ठेवला आणि आत गेली.

मी तो उचलून प्यायलो.

इतक्या घाईत स्थळ कुठून मिळणार? आबांची बहीण माणदेशात दिलेली. तिचा मुलगा लग्नाचा होता. आत्याचं घर, ओळखीचं, मागणं काही नाही. पोरगा सरळ. पण त्या घरानं मेंढरं सोडलेली नव्हती. कळप तेव्हा कोकणात उतरलेला होता. मार्गशीर्षात लग्न लागलं तेव्हा नवऱ्याकडची पाच-सहा माणसं एस.टी.नं आली, बाकीची मेंढरांपाशी. चार दिवसांनी शालन त्यांच्याबरोबर गेली. मला मानाचा टॉवेल-टोपी मिळाला. मी जेवलो, व्यवस्था बघितली, आणि येताना आबांना म्हणालो, "आता कागद निर्मळ झाला."

पुढच्या आठवड्यात कागद घेऊन कदमांकडं गेलो. ते आपल्या वकिलाकडं घेऊन गेले. वकिलांनी चाळलं आणि विचारलं, "मुलगी आहे का यांना?"

"हाय, पण लग्न झालंय," मी ऐटीत सांगितलं.

"कधी?"

"मागल्या महिन्यात."

वकिलांनी चष्मा काढला. "कायदा बावीस जूनपासून लागू आहे, नाना. जूनच्या आधी लग्न झालं असेल तरच ती बाजूला. हिची सही लागेल."

मला आठवतंय, त्यांच्या खोलीत पंखा बंद होता आणि मला घाम फुटला. थंडीचे दिवस.

कदम म्हणाले, "मग सही आणा. सहीशिवाय मी घेत नाही." संक्रांतीला दहा-बारा दिवस राहिलेले.

आबांना जाऊन सांगितलं. ते उठले, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "चला."

आम्ही दोघं कोकणात उतरलो. कळप एका गावात थोडाच असतो. आज ह्या शेतात, उद्या त्या. हॉटेलवाल्यांना, कंडक्टरांना विचारत तीन दिवस हिंडलो. आबांना जुन्या वाटा ठाऊक होत्या. ज्या वाटेनं लेकरांनी चालू नये म्हणून ते मला सांगत होते, त्याच वाटेनं ते माझ्या पुढं चालत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी एका भाताच्या मोकळ्या खाचरात कळप बसलेला दिसला. बाजूला घोडं, बिऱ्हाड, आणि तीन दगडांच्या चुलीपाशी शालन.

बापाला बघून उठली. गळ्यात पडली नाही, पाया पडली. हात काळे झालेले. पायात टाचेला फडकं बांधलेलं. आबांची नजर त्या टाचेवर गेली ती तिथंच राहिली.

ती माझ्यासाठी पाणी काढायला वळली. मी घाईनं म्हणालो, "राहू दे गं, तहान न्हाय." तीन दिवसांचा उन्हातला माणूस मी. पण ती पाणी कसं देते ते बघायची माझी छाती झाली नाही.

मी सांगितलं, सही लागते, इंदापूरला यावं लागेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कायदा कधीपासनं हाय म्हणाला वकील?"

"जूनपासनं."

"आन् माझं लग्न मार्गशीर्षात." ती चुलीकडं बघत बोलत होती, गणित सोडवल्यासारखी. "म्हंजे लग्न केलं न्हाय तरी सही लागत होती. आन् केलं तरी लागतीच. मग लग्न कशापायी केलं, काका?"

तिची सासू, म्हणजे आत्या, तिथंच बसली होती. नवरा घोड्याची दोरी सोडत होता, तोही थांबला. आबांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "कायदा नवा हाय पोरी. तवा कुणालाच ठाऊक नव्हतं."

"बरं," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला. बापाचा पण बसला. आबा म्हणाले सुद्धा, "नाना तरी काय करतील? आकाशातनं पडल्यागत आला कायदा."

दोन दिवसांनी आम्ही सगळे इंदापूरच्या रजिस्टर कचेरीत. खरेदीखत लिहून तयार. संमती देणार म्हणून शालनचं नाव. लिहिणाऱ्यानं बोट ठेवून दाखवलं, "इथं सही करा, ताई."

तिनं पेन घेतलं, पण सही केली नाही. कागद पहिल्यापासून वाचायला लागली. कदम घड्याळ बघायला लागले. मी म्हणालो, "अगं, सगळं बघितलंय मी."

"दोनशे एक्केचाळीस हाय का आपला गट?" तिनं बापाला विचारलं.

"व्हय."

"हितं दोनशे चौदा लिवलाय."

सगळ्यांनी कागदावर डोकं घातलं. खरं होतं. दोनशे चौदा दुसऱ्याच माणसाचं रान. सही झाली असती तर कदमांनी आबांकडून भलत्याचीच जमीन घेतली असती आणि दोन्ही घरं वर्षानुवर्षं कोर्टात गेली असती. ती गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. आणि गप्प बसायला तिच्याकडं कारणही होतं. पण ती वाचून, सांगून मोकळी झाली. कागद दुरुस्त झाला. मग तिनं सही केली. नीट, एका ओळीत, मास्तरणीसारखी. तिच्या खाली साक्षीदार म्हणून माझी. माझी सही वाकडी आहे, ओळ सोडून खाली उतरते.

व्यवहार पुरा झाला. म्हणून मी सुरुवातीला म्हणालो की माझा एकही व्यवहार कोर्टात गेला नाही. तो मान माझा नाही, हे आता लिहून ठेवतो.

संध्याकाळच्या गाडीनं ती परत कोकणाकडं गेली, तिचा नवरा न्यायला आला होता. फेब्रुवारीत तिची परीक्षा होती तेव्हा कळप रोह्याच्या अंगाला होता म्हणे. आबांचे मुलगे पिंपळीत आले, ऊस केला, चांगलं चाललंय. आबा माझ्या घरासमोरून जाताना अजून रामराम करतात. तो घेणं मला जड जातं.

त्यानंतर मी कुणाच्या घरी पाणी मागितलं नाही. हळूहळू धंदाही सोडला. लोक म्हणतात वय झालं. असेल.

आता शेवटचं. कोकणात मी तिला म्हणालो, कुणालाच ठाऊक नव्हतं. ते खोटं होतं. वकिलांकडून परत आल्यावर मी तो सदरा काढला, खिशातलं कात्रण उजेडात धरलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. पार खालच्या ओळीत होतं, बावीस जूनपासून. मी निरवांगीच्या ओसरीवर बसून 'मला शिकवू नका' म्हणालो, तेव्हा ते कात्रण माझ्या खिशात होतं. मला ते वाचता आलं नव्हतं, आणि ते सांगायची मला लाज वाटली होती. आणि घडाघडा वाचणारी पोरगी हातात पुस्तक घेऊन माझ्या समोर खांबाला टेकून उभी होती. मी नुसता हात खिशात घातला असता आणि म्हणालो असतो, "घे गं, हे जरा वाच," तर.

शालन कुठं हा अंक वाचेल असं नाही. पण तिच्या हाती लागला, तर ती हे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचेल, एवढं मला माहीत आहे.